विस्तारक्षम स्ट्रिंग बफर

विस्तारक्षम स्ट्रिंग बफर ही सी या प्रोग्रामिंग भाषेत मजकूर साठविण्यासाठी वापरली जाणारी रचना आहे. प्रोग्राम चालू असतानाच मजकुराच्या लांबीनुसार तिचा आकार वाढविता येतो. सी भाषेत स्ट्रिंग हा स्वतंत्र प्रकार नाही; शून्य मूल्याच्या बाइटने संपणाऱ्या बाइटांच्या ओळीलाच स्ट्रिंग मानले जाते. ही ओळ किती मोठ्या जागेत ठेवली आहे याची नोंद भाषा ठेवत नाही. ती नोंद ठेवणे, जागा अपुरी पडण्यापूर्वी वाढविणे आणि काम संपल्यावर परत करणे ही जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची असते. विस्तारक्षम बफरमध्ये ही तिन्ही कामे एका ठिकाणी आणली जातात. देवनागरी मजकुरात दिसणारी अक्षरे आणि त्यांनी व्यापलेले बाइट यांच्या संख्येत मोठा फरक असल्यामुळे मराठी नावे हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये या रचनेचे महत्त्व विशेष आहे.

पार्श्वभूमी

सी भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या आरंभी विकसित केली. त्या काळी मेमरी अत्यंत मर्यादित असल्याने मजकुरासाठी ठरावीक लांबीचा ॲरे घोषित करणे ही सर्वसाधारण पद्धत होती. भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातील स्ट्रकॉपी व स्ट्रकॅट ही फंक्शने गंतव्य जागेचा आकार विचारात घेत नाहीत. मजकूर जागेपेक्षा मोठा असल्यास ती शेजारच्या मेमरीवर लिहीत जातात. या दोषास बफर ओव्हरफ्लो म्हणतात.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने ज्या त्रुटींचा लाभ घेतला, त्यांपैकी एक याच प्रकारची होती. फिंगर या सेवेच्या प्रोग्राममध्ये ५१२ बाइटांच्या ॲरेत गेट्स या फंक्शनने मजकूर वाचला जात असे आणि त्याची लांबी तपासली जात नसे. गेट्स हे फंक्शन पुढे २०११ च्या सी प्रमाणकातून वगळण्यात आले.

देवनागरी मजकूर आणि बाइटसंख्या

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारलेल्या इस्की या संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका बाइटमध्ये मावते. पुण्यातील सी-डॅक संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानात ही प्रणाली वापरली जात असे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या सध्या सर्वत्र रूढ असलेल्या रूपात मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. स्वर, व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात.

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या तालुक्यांतील काही नावांची मोजणी पुढीलप्रमाणे होते. अखेरचा शून्य बाइट यात धरलेला नाही.

- भोर: ३ चिन्हे, इस्कीत ३ बाइट, यूटीएफ-८ मध्ये ९ बाइट.
- वेल्हे: ६ चिन्हे, इस्कीत ६ बाइट, यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट.
- तोरणा: ५ चिन्हे, इस्कीत ५ बाइट, यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट.
- भाटघर धरण: ८ चिन्हे व एक रिकामी जागा, इस्कीत ९ बाइट, यूटीएफ-८ मध्ये २५ बाइट.

‘वेल्हे’ हा शब्द वाचणाऱ्यास दोन अक्षरांचा दिसतो, पण स्ट्रलेन हे फंक्शन त्याची लांबी १८ सांगते. कारण ते अक्षरे नव्हे तर बाइट मोजते. दिसायला सारख्या असलेल्या शब्दांची लांबीही वेगळी असू शकते. ‘दऱ्या’ हा शब्द स्वतंत्र ‘ऱ’ वापरून लिहिल्यास १५ बाइटांचा होतो. साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून लिहिल्यास तो १८ बाइटांचा होतो. त्यामुळे पडद्यावरील अक्षरे मोजून ॲरेचा आकार ठरविणे विश्वसनीय नाही.

नावे बदलतात, हेही निश्चित आकाराच्या विरोधात जाणारे कारण आहे. ‘औरंगाबाद’ या नावास २४ बाइट लागतात, तर २०२३ मध्ये अधिकृत झालेल्या ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावास ४९. जुने नाव ३२ बाइटांच्या ॲरेत सहज मावत होते. नवे मावत नाही. याउलट वेल्हे तालुक्यास राज्य शासनाने दिलेले ‘राजगड’ हे नाव १५ बाइटांचे, म्हणजे पूर्वीच्या नावाहून लहान आहे. पुढील नाव किती लांब असेल याचा अंदाज प्रोग्राम लिहिताना बांधता येत नाही.

निश्चित आकाराच्या ॲरेतील दोष

ठरावीक जागेत मोठा मजकूर ठेवताना तीन प्रकारचे दोष आढळतात.

पहिला दोष जागेबाहेर लिहिण्याचा. ‘भोर’ साठी ९ बाइटांचा ॲरे घेऊन स्ट्रकॉपी वापरल्यास अखेरचा शून्य बाइट ॲरेबाहेर पडतो. एकाच बाइटची ही चूक चाचणीत बहुधा दिसत नाही, परंतु तिने शेजारच्या व्हेरिएबलचे मूल्य बदलू शकते.

दुसरा दोष समाप्तिचिन्ह नसण्याचा. त्याच ९ बाइटांच्या ॲरेसाठी स्ट्रएनकॉपी वापरल्यास ॲरेबाहेर काही लिहिले जात नाही. मात्र शून्य बाइटही लिहिला जात नाही. नंतर ती स्ट्रिंग वाचणारे फंक्शन पुढील मेमरीत शून्य सापडेपर्यंत वाचत राहते.

तिसरा दोष मजकूर छाटला जाण्याचा. १० बाइटांच्या ॲरेत एसएनप्रिंटएफ या फंक्शनने ‘वेल्हे’ लिहिल्यास पहिले ९ बाइट राहतात आणि ‘वेल’ हा शब्द तयार होतो. तो वैध मराठी शब्द असल्यामुळे चूक झाल्याचे तपासणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. ॲरे १२ बाइटांचा असेल तर हलन्ताच्या तीन बाइटांपैकी दोनच उरतात आणि यूटीएफ-८ च्या दृष्टीने मजकूर अवैध ठरतो. यांपैकी जागेबाहेर लिहिण्याने प्रोग्राम कोसळू तरी शकतो. छाटलेले नाव मात्र नोंदीत तसेच राहून जाते.

रचना

विस्तारक्षम बफर सामान्यतः तीन घटकांच्या स्ट्रक्टच्या रूपाने मांडला जातो.

- पत्ता: मॅलॉकने मिळविलेल्या मेमरीचा पॉइंटर.
- लांबी: शून्य बाइट वगळून सध्या साठविलेल्या बाइटांची संख्या.
- क्षमता: मिळविलेल्या जागेतील एकूण बाइटांची संख्या.

प्रत्येक क्रियेनंतर दोन अटी पूर्ण झाल्या पाहिजेत. लांबी क्षमतेपेक्षा किमान एकाने कमी असावी आणि लांबीच्या स्थानी शून्य बाइट असावा. या अटी पाळल्यास बफरमधील मजकूर प्रमाण ग्रंथालयातील कोणत्याही वाचन-फंक्शनला थेट देता येतो. लांबी नोंदलेली असल्यामुळे मजकूर जोडताना प्रत्येक वेळी शेवट शोधावा लागत नाही. स्ट्रकॅट वारंवार वापरल्यास हाच शोध दर वेळी आरंभापासून करावा लागतो.

मजकूर जोडण्याची पद्धत

जोडणीची क्रिया पुढील क्रमाने होते.

१. लांबी, नव्या मजकुराचे बाइट आणि शून्य बाइटसाठी एक यांची बेरीज करून आवश्यक जागा काढावी.
२. ही बेरीज साइझ-टी या प्रकाराच्या कमाल मूल्यापलीकडे जात नाही याची खात्री बेरजेपूर्वीच करावी. बेरीज ओलांडून गेल्यास उत्तर लहान संख्या येते आणि अपुरी जागा पुरेशी समजली जाते.
३. आवश्यक जागा क्षमतेपेक्षा अधिक असल्यास नवी क्षमता ठरवून रीॲलॉक वापरावे.
४. मेमकॉपीने नवे बाइट जुन्या मजकुराच्या शेवटी ठेवावेत, लांबी वाढवावी आणि शून्य बाइट लिहावा.

उदाहरणार्थ, १६ बाइट क्षमतेच्या रिकाम्या बफरमध्ये ‘भोर, वेल्हे, पुरंदर’ ही तालुक्यांची यादी एकेक भाग जोडून तयार करता येते. ‘भोर’ जोडल्यावर लांबी ९ व स्वल्पविरामासह रिकामी जागा जोडल्यावर ११ होते. ‘वेल्हे’ साठी एकूण ३० बाइटांची गरज असल्याने क्षमता ३२ केली जाते आणि लांबी २९ होते. पुढील स्वल्पविराम व रिकामी जागा जोडल्यावर लांबी ३१ होऊन शून्य बाइटसह बफर काठोकाठ भरतो. ‘पुरंदर’ या १८ बाइटांच्या नावासाठी ५० बाइट लागतात, म्हणून क्षमता ६४ होते. संपूर्ण यादीसाठी बफर दोनदाच वाढवावा लागतो.

वाढीचे प्रमाण

दर वेळी ठरावीक बाइटांनी क्षमता वाढविल्यास मोठ्या मजकुरासाठी काम फार वाढते. कारण मेमरी हलविताना जुना मजकूर पुन्हा नकलावा लागू शकतो. एकेक बाइट जोडत १,००० बाइटांची स्ट्रिंग तयार करावयाची असून आरंभीची क्षमता १६ आहे असे मानू. दर वेळी १६ बाइट वाढविल्यास ६२ वेळा नवी जागा घ्यावी लागते आणि प्रतिकूल स्थितीत ३१,२४८ बाइटांची नक्कल होते. दर वेळी क्षमता दुप्पट केल्यास सहा वेळाच जागा घ्यावी लागते व नक्कल १,००८ बाइटांची होते.

गुणोत्तराने वाढ केल्यास प्रत्येक बाइट जोडण्याचा सरासरी खर्च स्थिर राहतो. काही ठिकाणी दोनऐवजी दीड हे गुणोत्तर वापरतात. दुपटीच्या वाढीत पूर्वी मोकळ्या केलेल्या सर्व जागांची बेरीज नव्या गरजेपेक्षा नेहमी कमी राहते. दीडपटीच्या वाढीत ती जागा पुढे पुन्हा वापरात येण्याची शक्यता असते. वाया जाणारी जागाही कमी राहते. एकाच जोडणीस दुपटीहून अधिक जागा लागत असल्यास प्रत्यक्ष गरजेएवढी क्षमता घ्यावी लागते.

रीॲलॉकविषयी दक्षता

मेमरी उपलब्ध नसल्यास रीॲलॉक शून्य पॉइंटर परत करते आणि जुनी जागा तशीच राहते. परत आलेले मूल्य थेट जुन्या पॉइंटरमध्ये ठेवल्यास जुन्या जागेचा पत्ता हरवतो. साठविलेला मजकूर जातो व ती मेमरी मोकळीही करता येत नाही. म्हणून ते मूल्य आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घेऊन तपासतात.

रीॲलॉकनंतर मजकूर दुसऱ्या पत्त्यावर गेलेला असू शकतो. बफरच्या मधल्या भागाकडे दाखविणारे पूर्वीचे पॉइंटर त्यामुळे निरुपयोगी ठरतात. अशा ठिकाणी पॉइंटरऐवजी आरंभापासूनचे अंतर साठविले जाते. बफरमधील मजकूर त्याच बफरला जोडताना हा धोका विशेषत्वाने संभवतो. शून्य आकार देऊन रीॲलॉक वापरणे २०२३ च्या प्रमाणकात अपरिभाषित वर्तन ठरविले आहे.

स्वरूपित मजकूर जोडणे

संख्या व नावे एकत्र करून ओळ तयार करताना लागणारी जागा आधी ठाऊक नसते. १९९९ च्या प्रमाणकात समाविष्ट झालेले एसएनप्रिंटएफ पूर्ण मजकुरास लागणाऱ्या बाइटांची संख्या परत करते, जागा अपुरी असली तरीही. त्यामुळे प्रथम उपलब्ध जागेत लिहून पाहतात. परत आलेली संख्या त्या जागेइतकी किंवा तिच्याहून मोठी असल्यास बफर वाढवून पुन्हा लिहितात. बदलत्या संख्येचे आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनमध्ये दुसऱ्या प्रयत्नासाठी व्हीए-कॉपीने आर्ग्युमेंटांच्या यादीची प्रत घ्यावी लागते.

यूटीएफ-८ मजकूर छाटणे

संदेशाच्या कमाल लांबीसारख्या कारणाने मजकूर छाटणे अपरिहार्य असल्यास तो चिन्हाच्या सीमेवर छाटला जातो. यूटीएफ-८ मध्ये चिन्हाचा पहिला बाइट वगळता उरलेल्या बाइटांचे मूल्य १२८ ते १९१ असते. छाटण्याच्या जागी असा बाइट आल्यास पहिला बाइट सापडेपर्यंत मागे येतात. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. चिन्हाची सीमा पाळली तरी जोडाक्षर तुटू शकते. ‘वेल्हे’ १२ बाइटांवर छाटल्यास ‘वेल्’ उरते. देवनागरी चिन्हाच्या कोणत्याही बाइटचे मूल्य शून्य नसल्याने शून्य बाइटने स्ट्रिंग संपविण्याच्या सीच्या पद्धतीस बाधा येत नाही.

मालकी

बफरची मेमरी कोणी मोकळी करावी हे प्रत्येक फंक्शनच्या वर्णनात स्पष्ट असणे आवश्यक असते. एकाच जागेवर दोनदा फ्री वापरणे आणि एकदाही न वापरणे हे दोन्ही दोष आहेत. तयार झालेली स्ट्रिंग पुढे सोपविताना बफर आपला पॉइंटर देऊन स्वतः रिकामा होतो. त्यानंतर ती मेमरी मोकळी करण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्याकडे जाते.

प्रचलित अंमलबजावण्या

- गिट या आवृत्तीनियंत्रण प्रणालीतील स्ट्रबफ सुमारे दीडपट प्रमाणात वाढतो. रिकाम्या बफरमध्येही वैध रिकामी स्ट्रिंग असते.
- रेडिस या डेटाबेसमधील एसडीएस या रचनेत लांबीची नोंद मजकुराच्या लगेच आधी असते. एक मेगाबाइटपर्यंत ती दुपटीने आणि त्यापुढे एकेक मेगाबाइटने अतिरिक्त जागा घेते.
- पोस्टग्रेसक्यूएलमधील स्ट्रिंगइन्फो १,०२४ बाइटांपासून आरंभ करून दुपटीने वाढते.
- जीलिब या ग्रंथालयात जीस्ट्रिंग ही रचना उपलब्ध आहे.
- पॉझिक्सच्या २००८ च्या प्रमाणकात गेटलाइन व ओपन-मेमस्ट्रीम ही फंक्शने आहेत. पहिले संपूर्ण ओळ मावेल इतकी जागा स्वतः वाढविते. दुसरे फाइलप्रमाणे लिहिलेला मजकूर मेमरीत साठविते.

मर्यादा

वाढीस मर्यादा नसल्यास बाहेरून आलेला अतिप्रचंड मजकूर सर्व मेमरी व्यापू शकतो. म्हणून जाळ्यावरून माहिती घेणाऱ्या प्रोग्राममध्ये कमाल लांबी ठरविली जाते. ती ओलांडल्यास मजकूर गुपचूप न छाटता त्रुटी कळविणे इष्ट मानले जाते. पासवर्डसारखी गोपनीय माहिती साठविताना रीॲलॉकने सोडलेल्या जुन्या जागेत तिची प्रत राहू शकते. अशा वेळी नवी जागा स्वतंत्रपणे घेऊन, नक्कल करून, जुनी जागा पुसल्यानंतरच मोकळी केली जाते.

हेही पाहा

- सी (प्रोग्रामिंग भाषा)
- युनिकोड
- यूटीएफ-८
- इस्की
- बफर ओव्हरफ्लो