ओरिजिनल म्हणजे काय? पोर्शे ९११ चं इंजिन आणि त्याच्या सुट्या भागांचा इतिहास

आज आपण एका इंजिनाकडे बघणार आहोत. खरं तर त्या इंजिनाच्या सुट्या भागांकडे. हे इंजिन पोर्शे ९११ चं आहे. गाडीच्या मागे बसवलेलं, सहा सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. १९६४ साली या गाडीचं उत्पादन सुरू झालं, आणि १९९८ मध्ये ९९३ ही पिढी संपली तेव्हा हवेवर थंड होणारी ९११ बनणं थांबलं. म्हणजे चौतीस वर्षं. त्यातल्या असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत, आणि त्यांची इंजिनं कधी ना कधी उतरवून, खोलून, नव्याने बांधावी लागतात.

अशा वेळी मालकाला पहिला सल्ला मिळतो तो ठरलेला: "भाग ओरिजिनलच घाल." ऐकायला बरोबर वाटतं. पण ओरिजिनल म्हणजे काय? गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा बसवलेला भाग? कंपनीच्या डब्यातून आज मिळणारा भाग? की त्या भागाचं काम सगळ्यांत चांगलं करणारा भाग? ही तीन उत्तरं पुष्कळदा वेगवेगळी असतात. ती का वेगळी आहेत, हे इतिहास बघितल्याशिवाय कळत नाही.

आधी रचना समजून घेऊ. जुनी बजाज स्कूटर आठवा. इंजिनावर पंखा, आणि त्याची हवा सिलिंडरच्या फिन्सवरून जाते. तत्त्व तेच. फक्त इथे सहा सिलिंडर आहेत, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, आडवे झोपलेले. प्रत्येक सिलिंडर सुटा आहे. मधली क्रँककेस आणि बाहेरचं हेड यांच्यामध्ये तो दाबून धरलेला असतो, आणि धरणारे असतात चार लांब स्टड. सहा चोक चोवीस. या चोवीस स्टडचे आटे क्रँककेसमध्ये बसतात. आजची बरीचशी गोष्ट या आट्यांचीच आहे.

सुरुवातीच्या ९११ ची क्रँककेस ॲल्युमिनियमची होती. १९६८ च्या मॉडेलपासून ती मॅग्नेशियमची झाली. कारण वजन. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे ही गाडी शेपटाकडे जड होती. ती सावरण्यासाठी काही सुरुवातीच्या गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये चक्क लोखंडी वजनं बसवली होती! १९६९ च्या मॉडेलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं, तेही याच दुखण्यावर. तेव्हा मागचं वजन कमी करणारा प्रत्येक किलो सोन्याचा होता. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने हलकं. शिवाय फोक्सवागन बीटलच्या क्रँककेस मॅग्नेशियमच्याच असायच्या, म्हणजे धातू जर्मनीत परिचयाचा होता. दोन लिटरच्या, १३० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी हा निर्णय अगदी योग्य होता.

पण इंजिन दोन लिटरचं राहिलं नाही. २.२ झालं, २.४ झालं, आणि १९७३ च्या कॅरेरा आरएस या गाडीत २.७ लिटरला पोचलं. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटरवरून ९० वर गेला. बाहेरचं माप फारसं वाढवायला जागाच नव्हती. आधीचे बिराल सिलिंडर म्हणजे आत बिडाची नळी आणि बाहेर ॲल्युमिनियमच्या फिन्स. ९० मिलिमीटरसाठी ही नळी काढून टाकावी लागली. तिच्या जागी ॲल्युमिनियमवरच निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ, अतिशय कठीण थर आला. हे श्टुटगार्टच्या माले कंपनीचं निकासिल. मुळात ते व्हँकेल इंजिनासाठी शोधलं गेलं होतं आणि पोर्शेच्या ९१७ या रेसिंग गाडीत वापरून झालं होतं.

१९७४ च्या मॉडेलपासून २.७ लिटर हे सगळ्या साध्या ९११ चं इंजिन झालं, आणि मग खरी अडचण सुरू झाली. पोलाद तापल्यावर जेवढं प्रसरण पावतं, त्याच्या साधारण दुप्पट ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम पावतात. इंजिन तापलं की ॲल्युमिनियमचे सिलिंडर आणि हेड लांबतात, पोलादी स्टड तेवढा लांबत नाही. तो ताणला जातो आणि सगळा ताण त्याच्या मुळाशी, मॅग्नेशियममधल्या आट्यांवर येतो. त्यात अमेरिकेतल्या प्रदूषण नियमांसाठी काही गाड्यांना थर्मल रिॲक्टर बसवले होते. म्हणजे एक्झॉस्टचा धूर इंजिनाच्या खालीच जाळायचा! उष्णता आणखी वाढली. शेवटी आटे उपटून यायचे, हेड सैल पडायचं आणि इंजिन उतरवावं लागायचं.

कारखान्याने यावर उत्तर काढलं ते डिलाव्हार नावाच्या मिश्रधातूच्या स्टडचं. हा पोलादी मिश्रधातू असूनही ॲल्युमिनियमच्या जवळपास प्रसरण पावतो. खालच्या, एक्झॉस्टच्या बाजूला हे स्टड बसवले गेले. कागदावर उत्तर उत्तम होतं. पण खालची बाजू म्हणजे उष्णता, पावसाचं पाणी आणि थंड देशांत रस्त्यावर टाकलेलं मीठ. वर्षानुवर्षांच्या गंजाने डिलाव्हारला सूक्ष्म तडे जायचे आणि एखादा स्टड मधूनच तुटायचा. म्हणजे आधी आटे जात होते, आता स्टड जाऊ लागले. १९७८ च्या ९११ एससीमध्ये क्रँककेस पुन्हा ॲल्युमिनियमची झाली. वर्तुळ पूर्ण झालं, पण मधल्या दहा वर्षांच्या गाड्या मागे उरल्या.

आता प्रश्न असा: १९७५ ची गाडी नव्याने बांधताना स्टड कुठला घ्यायचा? कारखान्यातला ओरिजिनल तर आपण बघितलाच. अनुभवी कारागीर काय करतात? मॅग्नेशियममधली चोवीसही छिद्रं मोठी करून त्यांत पोलादी आट्यांची बुशिंग बसवतात. मग ताण मोठ्या क्षेत्रावर पसरतो. आणि त्यात चांगल्या पोलादाचे नवे स्टड घालतात. कारखान्याने असं कधी बनवलं नव्हतं, पण त्या क्रँककेससाठी हेच जास्त बरोबर आहे.

कुणी म्हणेल, मग क्रँककेसच नवी का घेऊ नये? कारण इंजिनाचा नंबर क्रँककेसवरच ठोकलेला असतो. केस बदलली की गाडीची मूळ ओळख गेली. १९७३ च्या आरएस साधारण १,५८० बनल्या. तिथे ही ओळख म्हणजे गाडीच्या किमतीचा मोठा वाटा. म्हणून जुनी केस दुरुस्त करायची आणि तिच्या आतल्या वस्तू बदलायच्या. हा नियम पक्का लक्षात ठेवा.

दुसरं उदाहरण टायमिंग चेनच्या टेन्शनरचं. जुने टेन्शनर आपलं तेल आतच बंद करून ठेवणारे होते. ते निकामी झाले की चेन ढिली पडायची, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळायचे आणि इंजिनाचा सत्यानाश व्हायचा. १९८४ च्या ३.२ लिटर कॅरेरामध्ये इंजिनाच्या तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले, आणि ते जुन्या इंजिनांनाही बसवता येतात. इथे "ओरिजिनल" हट्टाने जपणं म्हणजे कारखान्याने स्वतःच सुधारलेली चूक परत बसवणं.

नेमक्या उलट बाजूचं उदाहरण सिलिंडरचं आहे. आपल्याकडे सिलिंडर घासला की आपण टर्नरकडे जाऊन रीबोअर करतो आणि ओव्हरसाइज पिस्टन घालतो. बिडाच्या सिलिंडरला ते चालतं. निकासिलला चालत नाही, कारण बोअर केलं की थरच जातो. २.७ च्या काही इंजिनांत तिसराच प्रकार होता, अ‍ॅल्युसिल. त्यात सिलिकॉनचं प्रमाण जास्त असलेलं ॲल्युमिनियमच घासण सोसतं, आणि त्यात लोखंडाचा थर दिलेला पिस्टनच चालतो. बाहेरून दोन्ही सिलिंडर सारखेच दिसतात. म्हणून "२.७ चे पिस्टन द्या" एवढं सांगून माल मागवणं धोक्याचं. आधी इंजिन खोला, ओळखा, मोजा, मग मागवा.

ओळखायला पार्ट नंबर मदत करतो, आणि त्यातही इतिहास आहे. १९६३ साली फ्रँकफर्टला ही गाडी ९०१ म्हणून दाखवली होती. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्युजो कंपनीने हक्क सांगितला, आणि नाव ९११ झालं. पण भागांच्या क्रमांकांत ९०१ तसंच राहिलं. पहिले तीन आकडे सांगतात की भाग मुळात कुठल्या प्रकारासाठी काढला. पुढच्या तिनांतला पहिला १ असेल तर तो इंजिनाचा. शेवटचे दोन आकडे सुधारित आवृत्ती सांगतात, आणि भाग नेमक्या कुठल्या पिढीचा हे कळायला तेच लागतात.

आणि डब्यावरचं नाव? माले, गोत्झे, ग्लिको, राइन्झ हे पोर्शेला माल पुरवणारेच होते. तोच भाग त्यांच्या स्वतःच्या डब्यात स्वस्तही मिळायचा. पण काळ बदलला. गोत्झेच्या रिंगा आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनाही माहीत आहेत. ते गोत्झे आणि ग्लिको पुढे अमेरिकी फेडरल-मोगल समूहात गेले. नाव जुनं राहतं, कारखाना बदलू शकतो. म्हणून नावावर विश्वास ठेवावा, पण मायक्रोमीटर बाजूला ठेवू नये.

मग यादी कशी करायची? कनेक्टिंग रॉडचे बोल्ट एकदा ताणले की संपले. ते नवेच, आणि त्यात एक पैसाही वाचवू नका. बेअरिंगा, रिंगा, चेन, सील, गास्केट नवी. क्रँकशाफ्ट जुनाच, पण चुंबकीय तपासणीत तडा नाही हे बघून. क्रँककेस आणि हेड जुनी, दुरुस्त करून. पिस्टन वजन करून, सहाही एकमेकांशी जुळणारे. रॉडचा एक बोल्ट तुटला तर तुटलेला रॉड केसच्या भिंतीतून बाहेर येतो, आणि पन्नास वर्षं जपलेली, नंबर असलेली ती केस कायमची जाते. ती पुन्हा विकत मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "ओरिजिनलच घाल" म्हणालं तर एवढंच विचारा: कुठल्या सालचं ओरिजिनल? बहुतेक वेळा तिथूनच बरोबर भागाचा शोध सुरू होतो.