चेटकीण : एका नांवाचा इतिहास



चेटकीण हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. पिंजारलेले केस, सुळ्यांसारखे दांत, आणि हट्टी नातवंडांना धाक घालण्यासाठीं आजीनें राखून ठेवलेला तो घोगरा आवाज! परंतु हें चित्र निरुपद्रवी नाहीं. गुरें मेलीं, मूल दगावलें, कीं गांवांतील एखाद्या एकाकी बाईस डाकीण ठरवून छळावयाचें, हा प्रकार आपल्याकडे इतका खरा आहे कीं, महाराष्ट्र राज्यास 2013 सालीं जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अशा या शब्दास अमेरिकेंतील किशोरवयीन वाचकांच्या कादंबऱ्यांत अलीकडे निराळाच अर्थ प्राप्त झाला आहे. ज्या मुलामुलींचें प्रेम, किंवा ज्यांचें स्वतःविषयींचें भान, चारचौघांच्या चालीस धरून नसतें, त्यांच्या प्रेमाच्या व वयांत येण्याच्या कथा तेथें चेटकिणीच्या आश्रयानें लिहिल्या जात आहेत. हा पालट कसा घडला, तें आज पहावयाचें आहे.

त्यासाठीं प्रथम बरेंच मागें गेलें पाहिजे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या कारकीर्दींत, 1533 सालीं, ‘निसर्गविरुद्ध’ संभोगास देहान्त शासन सांगणारा कायदा झाला. नऊच वर्षांनीं, 1542 मध्यें, चेटूक करणारांसही तीच शिक्षा ठरली. तोंपर्यंत हीं दोन्ही पापें धर्मपीठाच्या अधिकारांत मोडत. आतां ते राज्याचे गुन्हे झाले. पुढें मात्र दोन्ही कायद्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. 1735 सालीं इंग्लंडांत चेटूक हा गुन्हा मानणें बंद झालें, आणि चेटूक येतें असें सोंग करणारा तेवढा शिक्षेस पात्र ठरला. दुसऱ्या कायद्याचा वंश अधिक चिवट निघाला. त्याचीच एक शाखा 1860 च्या भारतीय दंडसंहितेंत 377 वें कलम होऊन आपल्या घरीं आली, आणि प्रौढांचे संमतीचे संबंध तिच्या कक्षेंतून सुटण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाची वाट पहावी लागली.

अटलांटिकपलीकडे, सेलम येथें, 1692 सालीं चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसें फांसावर गेलीं आणि एका वृद्धास अंगावर दगड रचून मारण्यांत आलें. तेथील न्यायाचा प्रकार मोठा विलक्षण होता. ‘होय, आम्ही चेटूक करतों’ अशी कबुली देऊन जे तिला चिकटून राहिले, त्यांचे प्राण वांचले. ज्यांना खोटें बोलवेना, ते मेले. दुसऱ्यानें दिलेलें नांव मुकाट्यानें पत्करा, नाहींतर मरा, हा तो न्याय होता.

आतां पुस्तकांकडे वळूं. 1969 मध्यें अमेरिकेंत जॉन डोनोव्हन यांची किशोरांसाठीं लिहिलेली एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तींत तेरा वर्षांचे दोन मित्र एकमेकांचें चुंबन घेतात. पुढें त्यांपैकीं एकाचा लाडका कुत्रा मोटारीखालीं सांपडतो, आणि हें आपल्याच अपराधाचें प्रायश्चित्त, असें त्या पोराच्या मनानें घेतलें जातें. त्या काळीं तेथील बहुतेक राज्यांत असे संबंध गुन्हा समजले जात. पुढील कित्येक वर्षें या विषयावरील कथांचा शेवट मृत्यूनें, अपघातानें, नाहींतर वियोगानें होत राहिला. कायद्याची शिक्षा टळली, तरी कथेची टळत नसे!

ही रीत मोडणाऱ्या पुस्तकांत नॅन्सी गार्डन यांच्या ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ या 1982 सालच्या कादंबरीस मोठा मान आहे. न्यूयॉर्कच्या एका वस्तुसंग्रहालयांत भेटलेल्या दोन मुली, त्यांचें प्रेम, शाळेंत झालेली चौकशी, ताटातूट, आणि अखेरीस पुनर्मीलन, एवढीच ती कथा. याच लेखिकेनें 1975 मध्यें मुलांसाठीं चेटकिणींविषयीं माहितीचें पुस्तक लिहिलें होतें. जाळपोळीचा इतिहास असा त्यांच्या परिचयाचा होता; आणि 1993 सालीं कॅन्सस सिटींत त्यांच्याच कादंबरीची प्रत लोकांदेखत जाळण्यांत आली! जवळच्या ओलेथ गांवच्या शाळांतून तें पुस्तक काढून टाकलें गेलें, तेव्हां कांहीं विद्यार्थी व पालक न्यायालयांत गेले, आणि 1995 सालीं न्यायाधीशांनीं तें परत ठेवावयास लावलें.

यानंतर चेटकीण स्वतःच रंगभूमीवर येते. ‘बफी’ या दूरचित्रवाणीवरील मालिकेंत 1999 पासून विलो आणि टॅरा या दोन तरुण चेटकिणींचें प्रेम दाखविलें गेलें. आरंभीं जें उघड दाखवितां येत नसे, तें दोघींनीं हातांत हात घालून म्हटलेल्या मंत्रानें सुचविलें जाई. अशा रीतीनें मंत्र हा प्रथम आडपडदा होता.

पुढच्या लेखकांनीं त्यास निराळ्या कामास लावलें. मॉली ऑस्टरटॅग यांच्या ‘द विच बॉय’ या 2017 सालच्या चित्रकथेंत एका घराण्याची रीत अशी आहे कीं, मुलींनीं चेटूक शिकावें आणि मुलांनीं प्राण्यांचें रूप घ्यावें. अ‍ॅस्टर नांवाचा मुलगा चोरून चेटूक शिकतो. एडन थॉमस यांच्या ‘सेमेटरी बॉइज’ या 2020 सालच्या कादंबरींतील याड्रियेल लॉस एंजल्सच्या एका मंत्रसिद्ध कुटुंबांतला. सर्वांनीं त्यास मुलगी मानून वाढविलेलें. तो स्वतःस मुलगा म्हणून ओळखतो. पुरुषांचा दीक्षाविधि घरचे त्यास नाकारतात, तेव्हां तो एका बहिणीच्या साहाय्यानें स्वतःच दीक्षा घेतो, आणि त्याच्या हांकेस एका मृत मुलाचा आत्मा येतो. त्या दोघांतच पुढें प्रेम जडतें. वाचकास वेधते ती भुताटकी नव्हे. घरच्यांनीं आपल्याला आपल्या नांवानें हांक मारावी, ही त्या मुलाची तळमळ वेधते.

कोणी विचारील कीं, ज्या शब्दापायीं बायकांचे जीव गेले, तो असा गोंजारावा काय? शंका रास्त आहे. परंतु हीं पुस्तकें मंत्रांवर विश्वास ठेवा असें सांगत नाहींत. मंत्र हा येथें घराचा वारसा आहे, आणि तो कोणास मिळावा, हा खरा प्रश्न आहे.

मराठींत ‘नांव ठेवणें’ याचे दोन अर्थ आहेत : एक बारशाचा, दुसरा निंदेचा. चेटकीण हें नांव शेंकडों वर्षें दुसऱ्या अर्थानेंच ठेवलें गेलें. आज कांहीं मुलें त्याच नांवानें आपलें बारसें आपणच करीत आहेत. त्या बारशाला घरच्या वडीलधाऱ्यांनीं यावें, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. आणि आपल्याही घरांतून ती कोणाच्या तरी मनांत असेल, हें आपण ओळखावें.