मोजमापाच्या चार श्रेणींचे मूळ

नाम, क्रम, अंतर आणि गुणोत्तर या मापनाच्या चार श्रेणी संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अगदी सुरुवातीला येतात. त्यांचा जन्म मात्र संख्याशास्त्रात झालेला नाही. माणसाच्या संवेदना मोजता येतात का, या वादातून त्या पुढे आल्या.

१९३२ साली ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने या प्रश्नावर भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची एकत्र समिती नेमली. तिच्यात भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन कॅम्बेल होते. तराजूत किलोच्या वजनाशेजारी आणखी एक किलो ठेवला की दोन किलो भरतात. मूलभूत मापनात अशी बेरीज प्रत्यक्ष करून दाखवता आलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आवाजाच्या एका जाणिवेत दुसरी जाणीव अशी मिळवता येत नाही. तिकडे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी ऐकणाऱ्यांच्या निवाड्यावर आधारलेले, आवाजाच्या तीव्रतेचे ‘सोन’ हे माप मांडले होते आणि नेमके तेच वादात सापडले. १९४० च्या अखेरच्या अहवालातही एकमत झाले नाही.

स्टीव्हन्स यांनी मग व्याख्याच बदलली. १९४६ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात त्यांनी म्हटले, की नियमानुसार वस्तूंना किंवा घटनांना अंक देणे म्हणजे मापन. नियम बदलला की श्रेणी बदलते. खेळाडूच्या पाठीवरचा अंक केवळ नाव असतो. मोह्स यांच्या खनिजांसाठीच्या १८१२ च्या काठिण्यश्रेणीत हिरा १० वर आणि कुरुंद ९ वर आहे, पण त्यातून कळतो फक्त क्रम. प्रत्यक्षात हिरा कुरुंदापेक्षा कितीतरी पट कठीण असतो. तापमानाचे उदाहरण सर्वांत बोलके. २० अंश सेल्सिअस हे १० अंशांच्या दुप्पट वाटते, पण फॅरनहाइटमध्ये तेच आकडे ६८ आणि ५० होतात आणि दुप्पट उरत नाही. शून्य सोयीने ठरवलेले असेल तर फरकाला अर्थ असतो, पटीला नसतो; ही अंतरश्रेणी. केल्विन यांच्या निरपेक्ष मापात मात्र पटीलाही अर्थ येतो; ती गुणोत्तरश्रेणी.

प्रत्येक श्रेणीला कोणते गणित चालते, हेही स्टीव्हन्स यांनी सांगितले: क्रमश्रेणीला मध्यक योग्य, सरासरी नाही. वाद पेटला तो याच नियमावरून. १९५३ साली मानसमापनतज्ज्ञ फ्रेडरिक लॉर्ड यांनी खेळाडूंच्या अंकांचीच सरासरी काढणारी एक कल्पित गोष्ट लिहून त्याला आव्हान दिले. खुद्द स्टीव्हन्स यांनीही मूळ लेखात मान्य केले होते, की क्रमश्रेणीवरची असली बेकायदा आकडेमोड अनेकदा उपयोगी निष्कर्ष देते.