शब्दवेध : काउंटी

लॅटिनमधील ‘कोमेस’ म्हणजे सोबती. सम्राटाच्या अशा सोबत्यांना अधिकारपदे मिळत गेली, त्यातून फ्रेंचमध्ये ‘कोंत’ हा सरदारवाचक शब्द आला आणि त्याच्या अमलाखालच्या मुलखाचे नाव १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडात ‘काउंटी’ म्हणून रुजले. तिथला अशाच मुलखासाठीचा जुना शब्द ‘शायर’ मात्र हटला नाही. शायरचा ‘रीव्ह’, म्हणजे राजाचा कारभारी, तोच ‘शेरीफ’, जे पद मुंबईने ‘नगरपाल’ या नावाने जपले. अमेरिकेत सरदार नव्हते, तरी शब्द टिकला, ही त्याची खरी ताकद. टेक्सासच्या पेकोस नदीकाठच्या, २०२० मध्ये अवघ्या ६४ वस्तीच्या लव्हिंग काउंटीलाही मेंटोन या मुख्य ठाण्यात स्वतःचे न्यायालय आहे, आणि तिथला ‘काउंटी जज’ न्यायाइतकाच रस्ते व अंदाजपत्रकाचा कारभारही पाहतो.