भावगीतातली हुरहुर आणि पेणचे यशवंत देव

प्रेम जुळल्याचा आनंद गाण्यातून व्यक्त होतो, तसे ते हातचे निसटल्याचे दुःखही गाण्यातूनच व्यक्त होते. जगातल्या बहुतेक भाषांत ही रीत आढळते. मराठीत हे काम १९३० च्या दशकापासून प्रामुख्याने भावगीताने केले आहे. ताटातूट, विस्मरणाची भीती, न बोललेले प्रेम आणि मागे उरलेली आठवण हे भावगीताचे हक्काचे विषय आहेत. तरीही उत्तम मराठी विरहगीत ऐकल्यावर श्रोता खचून जात नाही, उलट तेच गाणे पुन्हा ऐकावेसे त्याला वाटते. दुःखाला हा गोडवा कसा येतो, याचे एक नेमके उत्तर यशवंत देव यांनी दिले.

रायगडचा धागा

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातील शेजारचे तालुके. कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी अशी जोडगावे वसलेली असून दोहोंची नगरपरिषद एकच आहे. विरहाच्या काव्याशी या परिसराचे नाते जुने आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. अर्थकारणाच्या व्यापातूनही संस्कृतचा व्यासंग जपणाऱ्या चिंतामणरावांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठी पद्यात आणले. प्रियेपासून दुरावलेल्या यक्षाने मेघाकरवी धाडलेला हा निरोप भारतीय विरहकाव्याचा आदर्श मानला जातो.

याच पट्ट्यातील पेण येथे १ नोव्हेंबर १९२६ रोजी यशवंत देव यांचा जन्म झाला. तेव्हा हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. १९८१ मध्ये त्याचे रायगड असे नामांतर झाले. सतारवादक, आकाशवाणीचे संगीतकार, कवी, विडंबनकार आणि गायनाचे शिक्षक अशा अनेक नात्यांनी देव मराठी संगीतात वावरले. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तबकडी आणि आकाशवाणी

भावगीत म्हणजे एका व्यक्तीची एक भावावस्था मांडणारे, कवितेच्या जवळचे गीत. ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे एवढाच त्याचा आटोपशीर घाट असतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. त्यामुळे विस्ताराला वाव नव्हता आणि थोडक्यात भाव उभा करणे भाग होते. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता ग. ना. जोशी यांनी गायिली आणि तिच्या तबकडीने भावगीताला घरोघरी नेले. पुढे गजानन वाटवे यांनी कवींच्या कविता स्वतः चाली लावून गणेशोत्सवाच्या मांडवांतून हजारो श्रोत्यांपुढे गायिल्या.

खरा बहर आला तो आकाशवाणीमुळे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांविषयी त्यांना आस्था नव्हती आणि त्यांच्या धोरणामुळे ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. मात्र या धोरणाचा एक अनपेक्षित लाभ प्रादेशिक भाषांना झाला. चित्रपटगीतांची जागा भरून काढण्यासाठी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. कवींकडून गीते आणि संगीतकारांकडून चाली मागविल्या जाऊ लागल्या. गाण्याला चित्रपटातल्या प्रसंगाचा टेकू नसल्याने नायक कोण, नायिका का रुसली हे सारे शब्दांनाच सांगावे लागे. यशवंत देव यांची जडणघडण याच वातावरणात झाली.

शब्दप्रधान गायकी

शास्त्रीय संगीताच्या तुलनेत भावगीत म्हणजे हलकेफुलके, फारशी तयारी न लागणारे गाणे, असा समज त्या काळी होता. देव यांनी तो मान्य केला नाही. या गायनप्रकाराला त्यांनी 'शब्दप्रधान गायकी' असे स्वतंत्र नाव दिले, त्याच नावाचे पुस्तक लिहिले आणि गावोगावी कार्यशाळा घेऊन हा विचार शिकविला. ख्यालगायनात स्वर राज्य करतात आणि बंदिशीचे शब्द त्यांच्या आश्रयाला असतात. भावगीतात मात्र स्वराने शब्दाच्या अर्थाला वाट करून द्यायची असते. कोणत्या अक्षरावर भार द्यायचा, श्वास कुठे घ्यायचा, ओळ कुठे थांबवायची, हे सारे अर्थावरून ठरते. चुकीच्या जागी श्वास घेतल्याने शब्द तुटला, तर सूर कितीही निर्दोष असला तरी गाणे फसते.

विरहगीताच्या बाबतीत हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. गायकाने हुंदका दिला, आवाज कापरा केला, की श्रोत्याचे लक्ष शब्दांवरून गायकाच्या अभिनयाकडे जाते. शब्दांतच दुःख असेल तर गळ्याने ते पुन्हा वेगळे दाखवायचे कारण उरत नाही. देव यांच्या चाली याच संयमावर उभ्या आहेत.

काही गीते

'विसरशील खास मला' हे ज. के. उपाध्ये यांचे गीत देव यांनी स्वरबद्ध केले आणि आशा भोसले यांनी गायिले. येथे ताटातूट अजून झालेली नाही. प्रियकर समोर आहे, गोड वचने देत आहे. तरी नजरेआड होताच तो आपल्याला विसरणार, हे तिला आताच उमगले आहे. तक्रार आहे, पण भांडण नाही. मिलनाच्या क्षणीच विरहाची चाहूल लागल्याने सुख आणि दुःख एकाच वेळी जाणवते.

मंगेश पाडगावकर यांचे 'भातुकलीच्या खेळामधली' हे अरुण दाते यांनी गायिलेले गीत याहून वेगळे आहे. लहान मुलांच्या खेळातील राजा-राणीच्या रूपकातून ते एका अर्ध्यावर राहिलेल्या प्रेमाची कथा सांगते. राणी दुसऱ्या वाटेने निघाली आहे. राजा विचारतो आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर नाही. गीतात कोणालाही दोष दिलेला नाही. देव यांची चालही गोष्ट सांगावी तशी शांतपणे पुढे सरकते. शांता शेळके यांच्या 'असेन मी, नसेन मी' या गीतासाठी देव आणि दाते पुन्हा एकत्र आले. त्यात विरहाची कल्पना आणखी ताणलेली आहे: माणूस जाईल, गीत राहील.

दाते यांचा आवाज या शैलीला साजेसा होता. इंदूरला वाढलेले, व्यवसायाने वस्त्रोद्योगातील अभियंता असलेले दाते आरंभी गझला गात. श्रीनिवास खळे यांच्या 'शुक्रतारा मंद वारा' या युगुलगीताने ते महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. शब्द कानात सांगितल्यासारखा उच्चारण्याची त्यांची पद्धत देव यांच्या विचाराशी सहज जुळली.

देव स्वतः कवीही होते. 'स्वर आले दुरुनी' हे त्यांचे गीत प्रभाकर जोग यांच्या चालीत सुधीर फडके यांनी अजरामर केले. दुरून आलेल्या सुरांनी जुन्या आठवणी जाग्या व्हाव्यात, एवढाच त्याचा विषय आहे.

जपानची साक्ष

अशा गीतांचा दुसरा समृद्ध प्रदेश म्हणजे जपान. तेथेही ग्रामोफोन आणि रेडिओ यांच्या बरोबरीनेच प्रेमभंगाचे गीत वाढले. १९३१ मध्ये संगीतकार मासाओ कोगा यांचे, मद्य म्हणजे अश्रू की उसासा असा प्रश्न विचारणारे गीत इचिरो फुजियामा यांच्या आवाजात लोकप्रिय झाले. १९९९ मध्ये हिकारू उतादा या सोळा वर्षांच्या गायिकेने पहिल्या प्रेमाच्या आठवणीवर गायिलेले 'फर्स्ट लव्ह' हे गीत लोकप्रिय झाले आणि त्याच नावाच्या अल्बमने विक्रीचे उच्चांक मोडले. या भावनेसाठी जपानी भाषेत 'सेत्सुनाई' असा शब्द आहे. छातीत कळ यावी, पण ती हवीहवीशीही वाटावी, असा त्याचा आशय. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द 'हुरहुर' हाच म्हणावा लागेल.

देव यांच्या सिद्धान्ताची कसोटी पाहणारे एक उदाहरणही जपानचेच आहे. रोकुसुके एई यांनी लिहिलेले आणि हाचिदाई नाकामुरा यांनी स्वरबद्ध केलेले एक गीत क्यू साकामोतो यांनी १९६१ मध्ये गायिले. पाश्चात्त्य कंपन्यांनी त्याला 'सुकियाकी' या एका जपानी खाद्यपदार्थाचे नाव दिले. गाण्याशी त्या नावाचा काहीही संबंध नव्हता. तरीही जून १९६३ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. एकही शब्द न कळता लाखो लोकांनी ते डोक्यावर घेतले. मग शब्दांची थोरवी कुठे राहिली?

गाण्याचा अर्थ पाहिला तर उत्तर सापडते. अश्रू ओघळू नयेत म्हणून एक एकटा माणूस वर आकाशाकडे पाहत चालला आहे. चाल उत्साही आहे, मध्येच शीळही येते. ही उत्साही चाल म्हणजे त्या माणसाने उसने आणलेले अवसान आहे. ते अवसान अमेरिकन श्रोत्यांनी ऐकले, पण ते कशासाठी आहे हे त्यांना कळले नाही. चाल सीमा ओलांडू शकते. मात्र ती जन्मते शब्दांच्या अर्थातून, हेच देव यांचे म्हणणे होते.

पुढे काय?

पाडगावकर २०१५ मध्ये गेले. अरुण दाते आणि यशवंत देव २०१८ मध्ये एकाच वर्षी. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांच्या २००३ पासूनच्या 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमाने कवितेशी इमान राखणारे गाणे तरुणांपर्यंत नेले. दिवाळी पहाटेच्या मैफिलींत जुनी भावगीते आजही आवर्जून गायिली जातात. तथापि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या अनेक श्रोत्यांना या गीतांची चाल तोंडपाठ असते आणि शब्द मात्र अर्धेमुर्धे कळतात. परक्या भाषेतील गाणे असे ऐकण्यात गैर काही नाही. आपल्याच भाषेतील गाणे असे ऐकण्याची वेळ आली, तर चाल उरेल आणि हुरहुर हरवेल. शब्दप्रधान गायकीची शिकवण गायकांसाठी होती; आता श्रोत्यांनाही तिची तितकीच गरज आहे.