'आलम आरा' : रंगभूमीवरून रुपेरी पडद्यावर

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील लोकप्रिय नाटकावर तो आधारलेला होता. निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीच्या स्टुडिओलगत रेल्वेमार्ग होता. संवाद व गाणी चित्रणासोबतच ध्वनिमुद्रित होत. त्यामुळे गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, रात्रीच बरेचसे चित्रीकरण करावे लागे. चित्रपटात सात गाणी होती. नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांतील गाजलेले नट. पण उर्दू संवादांचा सराव नसल्याने त्यांच्या वाट्याला बोलणे फारसे आले नाही. या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भारतीय पडद्याला वाणी देणारी ही कलाकृती केवळ छायाचित्रे व जाहिराती यांतूनच उरली आहे.