खुर्चीशेजारची साक्षीदार : दातांच्या दवाखान्यातील संमती आणि गोपनीयतेचा इतिहास

१/ गेल्या महिन्यात अक्कलदाढ काढून घ्यायला गेले होते. डॉक्टर येण्याआधी तिथल्या असिस्टंटने माझ्या हातात एक कागद आणि पेन ठेवले. मी सवयीने थेट खालच्या रेघेवर सही करू लागले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, वाचलंत का? काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा. नंतर तोंडात कापूस असतो."
त्या एका वाक्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/ वैद्यकाच्या इतिहासात दंतवैद्यकाला सहसा कोपऱ्यातली जागा मिळते. दंतवैद्याच्या शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला तर तीही मिळत नाही. परंतु रुग्णाचा 'हो' खरा कधी मानायचा आणि रुग्णाने सांगितलेली गोष्ट कोणाची, हे दोन प्रश्न या खुर्चीभोवती फार लवकर आणि फार तीव्रतेने उभे राहिले. कारण साधे आहे. या खुर्चीत बसलेल्या माणसाचे तोंड उघडे असते, पण त्याला बोलता येत नाही.

३/ आरंभ भुलीपासून करू. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात 'हास्यवायू'चा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, एक करमणुकीचा प्रयोग झाला. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा दंतवैद्य होता. वायू हुंगलेल्या एका माणसाला जखम होऊनही वेदना जाणवली नाही, हे त्याने टिपले. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः हुंगला आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. दंतवैद्यकीय भुलीचा हा पहिला प्रसिद्ध रुग्ण स्वतः दंतवैद्य होता. आपण काय पत्करतो आहोत, हे त्याला ठाऊक होते.

४/ पुढच्यांना ते ठाऊक असेलच असे नव्हते. वेल्सचा जुना भागीदार विल्यम मॉर्टन याने ३० सप्टेंबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये ईथर देऊन एका रुग्णाचा दात काढला आणि १६ ऑक्टोबरला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जगप्रसिद्ध प्रात्यक्षिक केले. मात्र त्याला पेटंट हवे होते. म्हणून त्याने ईथरमध्ये सुगंध मिसळून त्याची ओळख लपवली आणि त्याला 'लेथिऑन' असे नाव दिले. आपण काय हुंगतो आहोत हे रुग्णाला माहीत नव्हते, शस्त्रवैद्यांनाही नव्हते. गुप्त औषध वापरण्यास डॉक्टरांनी हरकत घेतल्यावर मॉर्टनला ते साधे ईथर असल्याचे उघड करावे लागले.
म्हणजे दवाखान्यात गुप्तता होती, पण ती रुग्णाची नव्हती. ती व्यापाऱ्याची होती.

५/ भुलीने वेदना संपवली आणि एक नवी भीती जन्माला घातली. बेशुद्ध माणूस 'नाही' म्हणू शकत नाही आणि नंतर काय घडले ते खात्रीने सांगूही शकत नाही. १८५४ मध्ये फिलाडेल्फियातील स्टीफन बील या दंतवैद्यावर, ईथर दिलेल्या तरुण स्त्रीवर बलात्कार केल्याचा खटला चालला. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. त्यावर दंतवैद्यांनी आणि डॉक्टरांनी मोठा वाद घातला की ईथरच्या अमलाखाली माणसाला भास होतात. पुढे राज्यपालांनी त्याला माफी दिली.

६/ त्या खोलीत काय घडले, हे आज आपण ठरवू शकत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहायची गोष्ट वेगळी आहे. त्या खोलीत तिसरे माणूस नव्हते. स्त्रीचा शब्द आणि पुरुषाची प्रतिष्ठा समोरासमोर उभी राहिली, आणि व्यवसायाने शोधलेला उपाय होता : भूल देताना तिसरे कोणीतरी हजर असावे.
खुर्चीशेजारच्या साक्षीदाराची जागा अशी निर्माण झाली.

७/ ही जागा नाव घेऊन भरली गेली १८८५ मध्ये, न्यू ऑर्लिन्स येथे. एडमंड केल्स या दंतवैद्याने मॅल्व्हिना क्युएरिया या तरुणीला आपल्या दवाखान्यात कामावर घेतले. अमेरिकेतील पहिली महिला डेंटल असिस्टंट म्हणून तिचा उल्लेख होतो. अशा दवाखान्यांच्या खिडकीत त्या काळी पाटी लागे : आत स्त्री मदतनीस हजर आहे. त्यामुळे स्त्रियांना नवरा किंवा नातेवाईक सोबत न घेता दंतवैद्याकडे जाता येऊ लागले.

८/ येथे थोडे थांबायला हवे. क्युएरियाचे काम केवळ हत्यारे पुसण्याचे नव्हते. तिचे तिथे नुसते असणे हेही एक काम होते. एखादी बाई एकटी येऊन स्वतःच्या दाताविषयी स्वतः निर्णय घेऊ शकत होती, ही लहान गोष्ट नव्हे. पण ही व्यवस्था दुहेरी होती. ती रुग्ण स्त्रीला जितके संरक्षण देई, तितकेच दंतवैद्याच्या नावालाही देई. साक्षीदार नेमकी कोणाच्या बाजूची, हा प्रश्न तेव्हापासून या पेशाला चिकटलेला आहे.

९/ आता न्यूझीलंड. पहिल्या महायुद्धात भरतीसाठी आलेल्या तरुणांचे दात पाहून तिथले सरकार हादरले. १९२१ मध्ये थॉमस हंटर यांच्या पुढाकाराने शालेय दंतसेवा सुरू झाली. वेलिंग्टनमध्ये तरुण मुलींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन शाळांमध्ये पाठवले जाऊ लागले. या 'स्कूल डेंटल नर्स' दात तपासत, किडलेला भाग कोरत, फिलिंग करत आणि दुधाचे दात काढतही असत. डॉक्टरच्या शेजारी उभी राहणारी परिचारिका येथे स्वतः हत्यार हातात घेऊन उभी होती. जगात अनेक देशांनी या योजनेचा कित्ता गिरवला.

१०/ या सेवेने असंख्य मुलांचे दात वाचवले. आणि त्याच मुलांनी शाळेच्या आवारातल्या त्या छोट्या दवाखान्याला नाव ठेवले 'मर्डर हाउस'!
वर्गाच्या दारात चिठ्ठी येई, नाव पुकारले जाई, मूल उठून जाई. आईवडील बहुधा जवळ नसत. योजनेला पालकांचा होकार असला, तरी प्रत्यक्ष खुर्चीतल्या भेदरलेल्या मुलाला कोणी काही विचारावे, असे त्या काळाला वाटत नव्हते. संमती म्हणजे मोठ्यांनी मोठ्यांना दिलेली परवानगी.

११/ मुलाच्या मनालाही कायद्यात स्थान आहे, हे मान्य व्हायला बराच काळ जावा लागला. १९८५ मध्ये ब्रिटनच्या 'हाउस ऑफ लॉर्ड्स'ने गिलिक खटल्यात सांगितले की सोळा वर्षांखालील मूलही, उपचार म्हणजे काय हे नीट समजण्याइतके जाणते असेल, तर स्वतः संमती देऊ शकते. खटला दातांचा नव्हता. पण ब्रिटनमध्ये दंतपरिचारिकेला संमती शिकवताना हा निकाल आजही टाळता येत नाही.

१२/ या थ्रेडमधला सर्वांत कठीण भाग आता. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म हे बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांचे रुग्णालय होते. दात नेमके कशाने किडतात, हे शोधण्यासाठी १९४५ मध्ये तिथे सरकारी पाठबळाने संशोधन सुरू झाले. आधी जीवनसत्त्वांचे प्रयोग झाले. १९४७ पासून साखरेचे. एका गटाला जेवणाबरोबर साखर, दुसऱ्याला गोड पाव, आणखी काहींना मुद्दाम तयार करवलेली, दाताला चिकटून राहणारी टॉफी. एका गटाला दिवसाला चोवीस टॉफ्या.

१३/ प्रयोगात ४३६ जण होते. त्यांना विचारले गेले नाही. त्यांच्या नातेवाइकांनाही नाही. अनेकांचे दात कायमचे खराब झाले.
१९४७ हेच ते वर्ष, ज्याच्या ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्ग येथील नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला आणि माणसांवरील प्रयोगांसाठी दहा तत्त्वे मांडली गेली. त्यांतले पहिलेच तत्त्व ऐच्छिक संमतीचे होते. पण न्यूरेंबर्गचा धडा 'त्यांच्या'साठी, आपल्यासारख्या सभ्य लोकशाही देशासाठी नव्हे, असा समज फार सोयीचा होता.

१४/ प्रयोगाचे निष्कर्ष १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाले आणि ते खरे ठरले. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती काळ चिकटून राहिली, हे अधिक महत्त्वाचे. स्वीडनमधल्या पालकांना सांगण्यात आले की मुलांना गोड फक्त शनिवारी द्या. ती प्रथा तिथे आजही टिकून आहे. 'जेवणाच्या मधल्या वेळेत चॉकलेट नको' असे आपले डॉक्टर सांगतात, तेव्हा त्या वाक्याच्या मुळाशी व्हिपेहोल्मही असते.

१५/ म्हणून हा प्रश्न सोपा नाही. चुकीच्या मार्गाने मिळालेले ज्ञान आपण दररोज वापरतो. ते टाकून देता येत नाही. पण ज्यांच्या दातांनी त्याची किंमत मोजली, ते विसरणे आपल्या हाती आहे आणि न विसरणेही. हा धडा संशोधनापुरता नाही. समोरचा बोलू शकत नाही, एवढ्यावरून त्याची हरकत नाही असे धरायचे नसते. खुर्चीशेजारी उभे राहणाऱ्या कोणालाही हे वाक्य पाठ असले पाहिजे.

१६/ होकार तोंडी असला तरी तो पोकळ असू शकतो. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲपलटन विरुद्ध गॅरेट हा खटला झाला. एका दंतवैद्याने पैशासाठी तरुण रुग्णांच्या निरोगी दातांवर मोठ्या प्रमाणावर अनावश्यक उपचार केले होते. रुग्ण स्वतःहून खुर्चीत बसले होते, त्यांनी 'हो' म्हटले होते. न्यायालयाने सांगितले की खरी माहिती जाणूनबुजून दडवून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे. तो उपचार म्हणजे शरीरावरचे अतिक्रमण ठरले.

१७/ आता दुसरा धागा : गोपनीयता. १९९४ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात सिडनी ॲबट ही स्त्री दात भरून घेण्यासाठी दंतवैद्याकडे गेली. माहितीच्या फॉर्मवर तिने प्रामाणिकपणे लिहिले की आपल्याला एचआयव्हीची लागण आहे. दंतवैद्याने दवाखान्यात उपचार करण्यास नकार दिला. रुग्णालयात करीन, म्हणाला. तिथला जादा खर्च तिने सोसायचा. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९८ मध्ये न्यायालयाने मान्य केले की लक्षणे नसलेल्या एचआयव्हीबाधित व्यक्तीलाही अपंगत्वाविषयीच्या कायद्याचे संरक्षण मिळते.

१८/ त्याच वर्षी भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोरही असाच पेच होता. एका रुग्णालयाने एका पुरुषाची एचआयव्हीची माहिती उघड केली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. निकालपत्रात त्याला केवळ 'मिस्टर एक्स' म्हटले आहे. न्यायालयाने गोपनीयतेचे कर्तव्य मान्य केले, पण वधूच्या जिवाचा धोका त्याहून मोठा मानला. पुढे २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने संमती आणि गोपनीयता या दोन्हींचे नियम स्पष्टपणे लिहिले.
ॲबट खरे बोलली आणि तिला दार बंद झाले. फॉर्म भरणारा माणूस हे विसरत नाही. गोपनीयता मोडली की पुढचा रुग्ण खोटे लिहितो.

१९/ आणि तो फॉर्म प्रथम कोणाच्या हातात पडतो? डॉक्टरच्या नव्हे. खुर्चीशेजारच्या 'ती'च्या. म्हणूनच ब्रिटनमध्ये २००८ पासून दंतपरिचारिकांना जनरल डेंटल कौन्सिलकडे नोंदणी सक्तीची झाली. २०१३ मध्ये कौन्सिलने साऱ्या दंतचमूसाठी नऊ तत्त्वे प्रसिद्ध केली. तिसरे : वैध संमती घ्या. चौथे : रुग्णाची माहिती जपा. ही तत्त्वे डॉक्टरला जशी लागू, तशीच परिचारिकेलाही. 'मला डॉक्टरांनी सांगितलं' हे उत्तर आता पुरत नाही. क्युएरियाच्या काळातील साक्षीदार आता स्वतः जबाबदार व्यावसायिक झाली.

२०/ आपल्याकडे? १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने तीन वर्ग ओळखले : दंतवैद्य, डेंटल हायजीनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. खुर्चीशेजारी दिवसभर उभी राहणारी असिस्टंट त्यात नव्हती.
संमतीबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. तपासणीसाठी भूल दिलेली रुग्ण बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईचा होकार घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली होती. न्यायालय म्हणाले : रुग्ण सज्ञान आहे आणि लवकरच शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नसेल तर तिची वाट पाहावी लागते. एका तपासणीची संमती म्हणजे पुढच्या सगळ्याची संमती नव्हे.

२१/ फिलाडेल्फियापासून दिल्लीपर्यंत प्रश्न तोच आहे : माणूस बोलू शकत नाही, त्या वेळात त्याचा शब्द कोणी सांभाळायचा?
त्या दिवशी मी कागद वाचला. ओठाला काही दिवस बधिरपणा राहू शकतो, असे त्यात होते. मी विचारले, तिने समजावले, उरलेले डॉक्टरांनी सांगितले. मग सही केली. बाहेर मात्र काउंटरवरून एका आजोबांना साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले गेले, "शुगर किती आहे तुमची?" आजोबांनी खाली पाहत आकडा सांगितला.
अर्धा इतिहास आत पोहोचला आहे. उरलेला अजून काउंटरवर थांबलेला आहे.

२२/ पुढच्या वेळी तुमच्या हातात असा कागद पडेल, तेव्हा दोन मिनिटे घ्या आणि वाचा. आणि 'वाचलंत का?' असे विचारणारी कोणी भेटली, तर तिला धन्यवाद द्या. तिची ती जागा सहज निर्माण झालेली नाही.
थ्रेड समाप्त. प्रश्न असतील तर खाली विचारा. वाचून उत्तर देईन.